त्याच नावाचं दुसरं गाव

माझी धाकटी बहीण भांडुपला राहते. तिची मुलगी रशियात, याकुत्स्कला, डॉक्टरकी शिकते. गेल्या जानेवारीत सुट्टी लागली तेव्हा ती होस्टेलवरच्या, तिथल्याच याकुत समाजातल्या मैत्रिणीबरोबर तिच्या गावी गेली. निघताना तिने गावाचं नाव कळवलं आणि लिहिलं, की तिथे रेंज नसते, काळजी करू नका.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, तू ये जरा," एवढंच म्हणाली. मी मुलुंडहून रिक्षाने गेले.

मेहुणे मोबाइल धरून सोफ्याच्या कडेला बसले होते. तिकडच्या एका बातमीचं त्यांनी मोबाइलवरच मराठी करून घेतलं होतं. मराठी धेडगुजरी होतं, पण अर्थ लागत होता. हिवाळ्यात तिथे गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात. एका ठिकाणी बर्फ फुटला आणि गाडी आत गेली. गाडीत सुट्टीला घरी निघालेल्या तीन विद्यार्थिनी होत्या. पुढे गावाचं नाव होतं, भाचीने कळवलेलंच.

भाचीचा फोन लागत नव्हता. होस्टेलला कुणी उचलत नव्हतं. अ‍ॅडमिशन करून देणारा अंधेरीचा एजंट म्हणाला, आज रविवार आहे, उद्या बघतो. बहीण आत जाऊन कोबी चिरायला लागली. मी तिच्याजवळ उभी राहिले. मोबाइलवर नकाशा उघडून ते नाव टाकलं. एक नाही, पाच-सहा गावं आली. दोन एकाच नदीच्या काठी, पण एकमेकांपासून लांब. एक तर मुंबईहून दिल्ली असेल त्याच्याही पलीकडे. त्या नावाचा अर्थ 'बेट असलेलं' असा काहीसा होतो, असं पुढे भाचीने सांगितलं. नदीनाल्यांचा मुलूख, तेव्हा जो तो आपल्या गावाला तेच म्हणणार.

मी ते मेहुण्यांना दाखवलं. बातमीतलं गाव यातलं कुठलं आणि मुलगी गेली ते कुठलं, दोन्ही आम्हाला ठाऊक नव्हतं. नकाशाकडे बघत ते स्वतःच्या गावाचं सांगायला लागले. मालवणच्या बाजूला त्यांच्या गावाच्या नावाची दोन गावं आहेत, मध्ये खाडी. त्यांचे वडील मुंबईला गिरणीत होते. ते वारले तेव्हा निरोप घेऊन गेलेला माणूस एसटीतून पलीकडच्या गावात उतरला. तिथेही त्याच आडनावाचं घर होतं आणि त्या घरचा माणूसही गिरणीत. त्याच्या बायकोने बांगड्या फोडल्या. इकडे मेहुण्यांच्या आईने त्या संध्याकाळी मासे तळले, सगळे पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी मयताच्या मुलांची नावं विचारली, तेव्हा घोळ कळला. निरोप घेऊन होडीतून ती बाईच आली.

"हसाचा काय रडाचा, ता तिकाच कळत नाय होता," मेहुणे म्हणाले. एरवी ते आमच्याशी मालवणी बोलत नाहीत.

दुपारी भाचीचा फोन आला. मैत्रिणीच्या काकांबरोबर ती जवळच्या मोठ्या गावी आली होती, तिथून केला. खुशीत होती. गोठलेल्या कच्च्या माशाचे पातळ काप मिठाबरोबर खाल्ले म्हणाली. बातमी तिनेही ऐकली होती. "ते गाव वेगळं गं आई, दुसऱ्या जिल्ह्यातलं. इथे गावाचं नाव सांगताना जिल्हा आधी सांगतात."

"मग तू का नाही सांगितलास?" बहीण म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "त्या मुली कुणाच्या असतील?" मी पानं घेतली.

मेहुणे पुढे बरेच दिवस ती बातमी शोधत होते. दोघींना जिवंत बाहेर काढलं, हे त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. तिसरीबद्दल काही आलं नाही, आणि मग त्या गावाच्या बातम्याच थांबल्या. भाची तिकडच्या उन्हाळी सुट्टीत घरी आली तेव्हा त्यांनी तिला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "मला नाही माहीत बाबा. ते गाव आमच्यापासून खूप लांब आहे."