आमच्या साहेबांचं 'येतो'

अख्ख्या नागपुरात खरं बोलणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. बाकी आम्ही सगळे, म्हणजे मी, आई, दूधवाला, समोरचे वकील, तसे सरळमार्गीच. पण साहेब येईपर्यंत आपण दिवसभरात किती खोटं बोलतो याचा आम्हाला पत्ताच नव्हता. साहेब नॉर्वेचे. सत्तर सालच्या आसपास, दिवाळीचे दिवे नुकतेच उतरवले होते तेव्हा, येशूचा निरोप नागपूरकरांपर्यंत पोचवायला म्हणून ते सीताबर्डीच्या मागच्या आमच्या गल्लीत सायकलरिक्षातून उतरले. उंची अशी की दारातून आत येताना वाकावं लागे, आणि आत आल्यावर पंख्याच्या धाकाने पुन्हा सरळ होता येत नसे. आईला बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "हे बाई, तुझे कल्याण असो. मजला जल दे." आईचं माहेर कुहीकडचं. तिने पाणी दिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे कोन्या गावचं बोलून राहिले गा?"

तर ती मराठी साहेबांनी एका जुन्यापान्या व्याकरणाच्या पुस्तकातून, बोटीवर उलट्या आवरत शिकली होती. ती सुधारण्याची जबाबदारी आईने परस्पर माझ्या गळ्यात घातली, कारण मी सरकारी कचेरीत मराठीतून खर्डे लिहीत असे. साहेबांची अडचण मोठी होती. त्यांच्या मिशनचा दंडकच होता की नव्या माणसाने पुढच्या वर्षीच्या नाताळापर्यंत मराठीतून प्रवचन द्यायचं, थोरल्या पादरीसाहेबांनी ते ऐकायचं, आणि पसंत पडलं नाही तर परतीची बोट. "मजला परत जाणे नाही," साहेब मला शिकवणीच्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि त्यांचे निळे डोळे भरून आले होते. मला वाटलं देवाचं काम अर्धवट राहील म्हणून. पुढे कळलं, त्यात आईच्या हातच्या पाटोडीच्या रश्शाचाही वाटा होता. तो रस्सा खाताना त्यांच्या नाकाडोळ्यांतून धारा लागत. "कशी झाली जी भाजी?" असं आईने विचारलं की आपण काय म्हणू? छान झाली म्हणू. साहेब चमचा खाली ठेवून विचार करत आणि म्हणत, "अति तिखट आहे. मजला काही दिसत नाही. कृपया आणखी वाढा."

खरेपणाचा हा आजार त्यांना सगळीकडे नडे. पोस्टमन रस्त्यात "काय साहेब, बरं हाये ना?" असं विचारून पुढे सरकणार, तर साहेब त्याची सायकल धरत आणि पोटापासून सुरुवात करून मनाच्या अवस्थेपर्यंत सगळं नीट सांगत. पोस्टमन शेवटी आमची पत्रं वकिलांकडे टाकायला लागला. ती आणायला साहेब वकिलांकडे गेले तेव्हा वकील जेवत होते. "या जेवाले," वकील म्हणाले. आपण अशा वेळी "होऊ द्या, होऊ द्या" म्हणून बाहेरच्या खुर्चीवर बसतो. साहेब "आभारी आहे" म्हणाले आणि पाटावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र होतं. वकीलबाई मग रोज दोन पोळ्या जास्त लाटायच्या आणि नवऱ्याला बजावायच्या की आजतरी तोंड बंद ठेवून जेवा. पण वकिलांची जीभ त्यांच्या ताब्यात असती तर ते न्यायाधीश झाले असते.

उन्हाळा लागला. साहेब टोमॅटोसारखे लाल झाले, मग सोलून निघाले, मग पुन्हा लाल झाले. लू लागू नये म्हणून आईने त्यांच्या पँटीच्या खिशात एक कांदा घातला. साहेब गंभीर झाले. कांद्यावर श्रद्धा ठेवणं त्यांच्या धर्मात बसतं की नाही यावर त्यांनी वर खोलीत बराच वेळ डोळे मिटून विचार केला, आणि खाली येऊन म्हणाले, "कांद्यावर माझा विश्वास नाही. परंतु तुमच्यावर आहे." त्या दिवसापासून कांदा खिशात. एका रविवारी प्रार्थनेला गुडघे टेकताना तो बाहेर पडला आणि भर चर्चमध्ये घरंगळत घरंगळत थेट थोरल्या पादरीसाहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबला. हे थोरले पादरी त्यांच्याच देशाचे, पण इकडे हयात घालवलेले आणि मराठी अशी की पुण्याच्या माणसानेही चोरून शब्दकोश बघावा. त्यांनी कांदा उचलून विचारलं, "हे काय आहे?" साहेब म्हणाले, "कांदा आहे." यापेक्षा खरं उत्तर नव्हतंच, पण थोरल्यांच्या मनात त्या दिवसापासून अढी बसली. उन्हाळा सरला, पाऊस आला, तरी कांदा खिशातच राहिला. काढ म्हणून आईने सांगितलं नव्हतं.

पण या सगळ्यावर कडी केली ती एका साध्या शब्दाने. दूधवाला दूध घालून "येतो माय" म्हणून निघाला की साहेब वरून उतरत, दुसरा कप मांडत आणि त्याची वाट बघत बसत. विमावाला "येतो" म्हणाला, त्याच्यासाठीही चहा. चहा निवून जाई, माणूस येत नसे. "या नगरातील लोक फार विसराळू आहेत," ते मला हळहळून म्हणाले. मी हसत हसत खुलासा केला की आपल्याकडे निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. साहेबांचा चेहरा पडला. म्हणजे अख्खं शहर उंबऱ्यावर उभं राहून खोटं बोलतं! आपण तरी या पापात पडायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून दारात खणखणीत आवाजात जाहीर केलं, "माय, मी जातो."

आईच्या हातातली परात खाली पडली. "असं नाई म्हनत जी! येतो म्हना!"

"परंतु मी जाऊन राहिलो आहे," साहेब म्हणाले. एव्हाना त्यांच्या पुस्तकी मराठीत आईची मराठी अशी मुरली होती. "आपण मजवर काहून रागावून राहिल्या आहात?"

आईने त्यांना हाताला धरून परत आत आणलं, खुर्चीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि मग जा म्हणाली. जा म्हणजे, निघा म्हणाली. साहेब उठले, दाराशी गेले आणि म्हणाले, "जातो." पुन्हा खुर्ची, पुन्हा गूळ. हे रोजचं झालं. साहेबांचं वजन वाढलं आणि कुठेच वेळेवर पोचणं होईना. शेवटी खोटं बोलायला नको आणि आईचं मन मोडायलाही नको म्हणून ते खोलीच्या गच्चीवरून कडुलिंबाच्या झाडाने खाली उतरायला लागले. सहा फुटांचा पांढरा माणूस, पांढऱ्या कपड्यांत, काखेत बायबल, फांदीला लोंबकळतो आहे, हे पहिल्यांदा वकिलांनी पाहिलं आणि ते चोर चोर म्हणून ओरडत सुटले. साहेब फांदीवरूनच नम्रपणे म्हणाले, "मी चोर नाही. मी बाहेर जाऊन राहिलो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना मारबतीची मिरवणूक दाखवायला घेऊन गेलो. आमच्या नागपुरात हा एक न्याराच प्रकार आहे. मारबत म्हणजे एक भलीमोठी बाई, बांबू-कागदाची. तिला वाजतगाजत गावभर फिरवायचं, आपल्याला छळणारं जे जे असेल ते तिच्या अंगावर टाकायचं, आणि शेवटी तिला जाळून टाकायचं. रोगराई घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत! साहेब आधी अंग चोरून उभे होते, पण गर्दीची लागण त्यांनाही झाली. एकाएकी माझ्या कानाजवळ आरोळी उठली, "व्याकरण घेऊन जा गे मारबत!" पोट्ट्यांनी तीच उचलली. त्या वर्षी अर्ध्या मिरवणुकीने व्याकरणाच्या नावाने शंख केला, आणि त्यातल्या कित्येकांना ते कुठलं दुखणं आहे हे ठाऊक नव्हतं. घरी परतताना साहेबांनी विचारलं, "ती परत केव्हा येते?" मी म्हणालो, "कशाला येईल? जा म्हणून तर धाडली." साहेब रस्त्यातच थांबले. मग ते ढांगा टाकत घराकडे सुटले. दारात आई उभी होती. तिच्यापुढे टोपी काढून ते म्हणाले, "माय, मी रोज मारबत होऊन राहिलो होतो काय?"

"तेच तं सांगून राहिली होती मी," आई म्हणाली. "इडापिडेले जा म्हनते. आपल्या मानसाले नाई."

त्या दिवसापासून साहेब "येतो" म्हणायला लागले, पण खोटं न बोलण्याचा नेम होताच. म्हणजे जिथे "येतो" म्हटलं तिथे परत जाणं आलं. दाताच्या डॉक्टरला येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दात ठणठणीत असताना जाऊन आ करून बसले. माझ्याबरोबर सीताबर्डीवर आईचं लुगडं घ्यायला आले आणि दुकानदाराला येतो म्हणाले. मग रोज संध्याकाळी ते दुकानात जात, दुकानदार रोज लुगड्यांचे ढीग उलगडत असे, साहेब सगळी बघून "येतो" म्हणत आणि दुसऱ्या दिवशीची सोय करून ठेवत. दुकानदाराने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेबाले किती बायका हायेत जी?" येशूचा निरोप सांगायला त्यांना दिवसातून जेमतेम घटकाभर उरे.

अशा धांदलीत नाताळ आला आणि परीक्षा येऊन ठेपली. विषय होता, या देशातले माझे पहिले वर्ष. आई जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये आली आणि डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर बसली. साहेब कांद्यावर बोलले, मारबतीवर बोलले, आणि मग म्हणाले, "मजला या वर्षात एक गोष्ट समजली. प्रभू स्वर्गाला जाऊन राहिले होते, तेव्हा शिष्यांले ते जातो म्हटले नाहीत. येतो म्हटले. काहून? आपल्या माणसाले कोणी जातो म्हणत नाही." लोक माना डोलावत होते. मला, एरवी देवळातही हात खिशात घालून उभा राहणाऱ्या मला, गलबलून आलं. थोरल्या पादरीसाहेबांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. भाव उत्तम, पण भाषा नापास. सुरुवात पोथीतली, शेवट बाजारातला, अशी मराठी कुठेच नाही.

आई उठून उभी राहिली. "काहून जी? मले तं सारं समजलं. तुमचंच समजून नाई राहिलं!"

थोरले खरोखरच गोंधळले, पण दंडक तो दंडक. पुढच्या महिन्यात परतीचं तिकीट आलं.

निघायच्या दिवशी रिक्षा दाराशी उभी होती. थंडी होती, आणि जिथे ते चालले होते तिथे तर सगळं बर्फच, तरी आईने त्यांच्या ओव्हरकोटाच्या खिशात नवा कांदा घातला. साहेब उंबऱ्यावर आले आणि अडले. पुन्हा या देशात पाऊल टाकता येईल की नाही हे त्यांच्या हातात नव्हतं. येतो म्हणावं तर खोटं, जातो म्हणावं तर समोर आई. त्यांचे ओठ नुसते हलत होते. आईला कळलं. ती म्हणाली, "राहू दे गा बापू. काईच नको म्हनू." ते रिक्षात बसले. रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि थांबली. साहेब उतरले, तसेच चालत परत आले, वाकून आत शिरले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आईने गूळपाणी दिलं. ते त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं, उभे राहिले आणि म्हणाले, "माय, येतो."

वरची खोली त्यानंतर आम्ही कोणाला दिली नाही. लोक विचारत, आई सांगे, रिकामी नाही. मी चिडायचो. म्हणायचो, अगं, निघताना सगळेच तसं म्हणतात. "सारे म्हनते," आई म्हणायची, "पन तो खोटं बोलत नाई." आता आईही नाही. परवा एक नवराबायको खोली विचारत आले. चांगली माणसं होती, भाडंही चांगलं देत होती. वर कोण राहतं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमचे साहेब. मग दिसत नाहीत ते? मी कडुलिंबाकडे बघितलं आणि म्हणालो, "येतो म्हणून गेले आहेत."