चतुराबाईंच्या गाठीची प्रतवारी

नामपूरला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर चतुराबाई चाळीस वर्षं कांदा निवडत आल्या आहेत. अंगठ्यानं कांद्याची मान दाबली, की हा साठवणीच्या चाळीत दिवाळी बघणार की गणपतीतच सडणार, हे त्या सांगतात. माणसांबद्दलही सांगतात, तिथं मात्र कोणी विचारलेलं नसतं.

अशा या बाईंच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली. कॅन्सरची. नाशिकच्या दवाखान्यात गाठीतल्या पेशी सुईनं काढून तपासणीला पाठवल्या, गाठ जाळायला डोळ्यावर चार दिवस किरणांची चकती शिवून ठेवली.

डॉक्टर मृण्मयी म्हणाल्या, "आजी, मापानं गाठ मध्यम आहे. पण नुसत्या मापावरून पसरेल की नाही, ते नीट कळत नाही. म्हणून पेशी बघून दोन वर्ग करतात. पहिला वर्ग बहुधा जागेवर राहतो. दुसरा यकृतात जायची भीती जास्त."

सून वेदिका रडू लागली. चतुराबाईंना मात्र चेव आला.

"मापात काय शे! खळ्याच्या मालकाला चाळीस वर्षं हेच सांगते. माप काय बघतो, मान बघ!"

रिपोर्टला तीन आठवडे होते. तोवर भेटायला येणाऱ्यांची प्रतवारी झाली. पहिल्या वर्गातले चहा पिऊन उठायचे, दुसऱ्या वर्गातले पसरायचे. नणंद नवसाबाई चार लुगडी घेऊन उतरल्या, तेव्हा तर तपासणीची गरजच पडली नाही.

सगळे हसून पांगले, की त्या वेदिकाला हळूच विचारायच्या, "यकृत उजवीकडंच ना गं?" आणि तिथं हात ठेवून बसायच्या.

रिपोर्ट आला. "पहिला वर्ग," डॉक्टर म्हणाल्या. वेदिका पुन्हा रडली. सर्व प्रसंगांना तिच्याकडे एवढी एकच सोय आहे.

"म्हंजे पसरणार नाय?"

"शक्यता बरीच कमी. मुळीच नाही, असं म्हणणार नाही मी."

"तेवढं लिहून द्या ना, डाक्टरीणबाई."

"तुम्ही देता का लिहून, एकही कांदा सडणार नाही म्हणून?"

चतुराबाईंनी उजव्या डोळ्यानं त्यांना नीट निरखलं. "लय हुशार शे," त्या वेदिकाला म्हणाल्या.

"दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करायची. पुढची एप्रिलमध्ये."

"एप्रिलात उन्हाळ कांदा निघतो. जून करा."

"एप्रिल."

"मे?"

"एप्रिल, आजी."

"बरं. पर पंधरा तारखेनंतर."

डॉक्टरांनी सोळा लिहिली.