शेडात कत्तल कर: म्हैसूरचे दोन दिवस

नवीन पिल्लं यायला आठवडा होता आणि शेड रिकामी होती, म्हणून म्हैसूर गाठायचं ठरवलं. फिरायची हौस वगैरे काही नव्हती. आमच्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या मागच्या लॉटला हगवण लागली होती. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, चार दिवस बघा. बायको सुनंदाही तेच म्हणत होती. मी मात्र म्हैसूरच्या शंकरमामांना फोन लावला. मामा म्हणजे माझ्या दिवंगत आत्याचे यजमान. उभा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. ते म्हणाले, "शेडात कत्तल कर. आजच कर." त्यांच्यापुढे कोण बोलणार? दुसऱ्या दिवशी सगळी आजारी पिल्लं मारली आणि खड्ड्यात चुना टाकून पुरली. सुनंदा घराबाहेर आलीच नाही. पुन्हा ती वेळ नको, म्हणून मामांची शेड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती.

मिरजेहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे. तिकीट लवकर काढा, नाहीतर माझ्यासारखं दाराशी बसून जावं लागेल. स्टेशनवरून मामांच्या घरी, अग्रहार भागात, रिक्षानं गेलो. मामांचे पूर्वज मराठी मुलखातून इकडे आले, साड्या रंगवायचे. आता घरात रंगाचा डबासुद्धा नाही आणि मुलगा हेब्बाळला नोकरीला आहे.

"ये रे ये! तिंडी झाली का? सुम्ने उपाशी बसू नको, चल," म्हणत मामांनी बॅग ठेवायच्या आत मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. तिंडी म्हणजे नाश्ता, आणि सुम्ने म्हणजे उगाच, नाहीतर गुपचूप. मऊ डोसा, वर लोण्याचा गोळा. म्हैसूरला गेलात तर पहिला डोसा आख्खा संपल्यावरच दुसरा मागवा. मी एकदम दोन मागवून फसलो.

दुपारी सिटी बसनं हूटगळ्ळीला गेलो. तिथून थोडं चालल्यावर मामांची शेड लागते. चहूकडे नवी घरं उठल्यामुळे शेजारी वासाची तक्रार करतात म्हणे. पण मला आत वास फारसा आलाच नाही. खाली अंथरलेलं भाताचं तूस कोरडं, पिल्लं चपळ, डोळे स्वच्छ. माझ्या शेडमध्ये असं चित्र मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला मत्सर वाटला.

रात्री आठ वाजता मामा बटणांपाशी गेले. "आता बघ हं. कत्तल करतो."

मी दाराकडे सरकलो. मामांनी एकेक करून सगळे बल्ब बंद केले. कलकलाट हळूहळू ओसरला आणि पिल्लं तुसात बसली.

"झाली कत्तल," मामा हलक्या आवाजात म्हणाले. "आता सहा तास सुम्ने झोपू दे त्यांना."

"मामा, कत्तल म्हणजे?"

"म्हणजे काय रे? अंधार! कन्नडात कत्तलु म्हणतात, आमच्या घरात कत्तल."

मग बाहेर कट्ट्यावर बसून त्यांनी समजावलं. पिल्लांनी सतत खावं, वजन भरावं म्हणून आपण चोवीस तास दिवे ठेवतो. पण मेलाटोनिन नावाचं द्रव्य शरीरात अंधारातच वाढतं. त्यानं नुसती झोप येत नाही; आजाराशी लढायची ताकद टिकते, आतली सूज आवरते, लसही चांगली लागू पडते. मी मान हलवत होतो, पण डोळ्यांपुढे तो चुन्याचा खड्डाच होता.

"तुला तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतं का? वाचली ना मग?"

"वाचली," मी म्हणालो.

मामांनी खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. ते मराठी बोलतात, वाचतात फक्त कन्नड. म्हणून हे इथं लिहायची हिंमत झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर हजारो दिवे लागतात, ते जरूर पाहा. मी पाच मिनिटं थांबलो आणि स्टेशनवर येऊन बसलो.

घरी आल्यावर आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हगवणीवर नुसता अंधार पुरत नाही, औषध हवंच. आणि अगदी लहान पिल्लांना सुरुवातीला उजेड नि ऊब लागते, तेव्हा घाई करू नका. ती पिल्लं वाचली असती का, यावर ते म्हणाले, "काही वाचली असती."

नवीन लॉट आला. दुसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा दिवे बंद केले. सुनंदा शेजारी उभी होती.

"एवढं साधं होतं, तर मामांनी तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हाच सांगितलं होतं," मी म्हणालो, आणि त्या शब्दाचा अर्थ तिला सांगितला.

"मी चारच दिवस मागितले होते," एवढंच ती म्हणाली. मला रडू आवरेना.

"मामांना कळलंय?"

"नाही. पिल्लं वाचली म्हणालो."

"मग सांगू नका कधी. त्यांना झोप लागायची नाही."

माझ्या झोपेचं तिनं काही विचारलं नाही.