नानांचा तंबू पास होतो

आमच्या कंपूत डोंगरांचे किस्से फार थोडे. डोंगराचं काय, दोन दिवसांत चढूनउतरून मोकळं होता येतं. तंबू निवडायला मात्र आम्हाला तीन वर्षं लागली, आणि जी गोष्ट ठरता ठरत नाही तिच्याभोवतीच किस्से साचतात. अजूनही भरताची वांगी भाजायला बसलो की एकजण सुरू करतो, दुसरा म्हणतो हे असं नव्हतंच, आणि वांगी करपतात.

कंपू म्हणजे तीनच माणसं. नाना शाळेत ड्रॉइंग मास्तर, आमचे पुढारी. भास्करभाऊ यावलचे, केळीचे बागाईतदार. आणि मी, धुळ्याच्या कचेरीतला कारकून. दर थंडीत आम्ही पाठीवर वळकट्या बांधून सातपुड्यात पायी भटकायचो. सोबतच्या दशम्या, चटणी, शेंगदाणे सगळं नानांच्या बायकोनं बांधून दिलेलं. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो.

एका वर्षी आम्ही तोरणमाळला निघालो होतो. अक्का दशम्यांचं फडकं बांधता बांधता म्हणाल्या, "मलाही तोरणमाळ बघायचंय."

नाना दचकले. बाईमाणसाला उघड्यावर कसं नेणार, म्हणाले. "तंबू झाला की नेतो!"

अक्कांनी फडक्याची गाठ घट्ट मारली आणि म्हणाल्या, "मग करा तंबू."

* * *

पहिला तंबू लिलावात दिसला. कुणा बदलून गेलेल्या साहेबाच्या दौऱ्यातला. नाना बघताक्षणी खूश! आत दोन खोल्या, मागे न्हाणीघर, आरसा टांगायला पितळी आकडा. कापडही दुहेरी, त्यामुळे ऊन लागायचं काम नाही.

ट्रायल म्हणून आम्ही तो शाळेच्या मैदानात उभा करायला घेतला. आम्ही तिघं, शाळेचा शिपाई आणि तालमीतले पाच पैलवान, एवढे मिळून मधला खांब कसाबसा उभा राहिला. नाना आत फिरून कुठे दिवा ठेवायचा, कुठे पुस्तकं लावायची ते दाखवत होते.

भास्करभाऊ घाम पुसत म्हणाले, "नाना, डोंगर चढाचा हाये का डोंगरावर घर बांधाचं हाये?"

तंबू परत गेला. आकडा नानांना फार आवडला होता, त्यामुळे दोन दिवस ते आमच्याशी नीट बोलले नाहीत.

* * *

मग आम्ही उस्मानचाचांकडे गेलो. धुळ्यातल्या निम्म्या लग्नांचे मांडव त्यांच्याकडचे. कापडातला माणूस, शिवण अशी की बैलानं ओढली तरी उसवायची नाही. चाचांनी एकच प्रश्न विचारला, "किती पानांचा?"

मांडव असाच मोजतात, पंगतीला किती पानं बसतात त्यावर. नाना ऐटीत म्हणाले, चार.

महिन्याभरात राहुटी तयार. हलकी, सुबक, कडेला लाल झालर. आम्ही हौसेनं अंगणात उभी केली, नाना आत शिरून आडवे झाले आणि त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बाहेर! चार माणसं मांडी घालून जेवायला बसतील, बरोबर तेवढीच जागा. चाचांच्या मापात काडीची चूक नव्हती.

नाना तणतणत गेले. चाचा शांतपणे म्हणाले, "नाना, आपल्या मांडवात आजवर कोणी झोपलं नाही. एक व्याही झोपले होते, ते पण बसल्या बसल्या."

अक्कांनी मात्र झालर हातात घेऊन बघितली आणि छान आहे म्हणाल्या. नानांनी राहुटी वाढवायला परत टाकली.

* * *

वाढवून आली, तर नाना म्हणाले गळते की नाही कसं कळणार? पावसाळा लांब. भास्करभाऊंना वाट बघणं माहीतच नाही. त्यांनी आम्हाला मळ्यात बोलावलं. विहिरीवर दोन बैलांची मोट चालू होती. मोटेचं पाणी येऊन कोसळतं त्या थारोळ्याच्या तोंडाशी त्यांनी राहुटी ठोकली. नाना आत बसले, मांडीवर वही, हातात पेन्सिल. कुठून थेंब येतो ते टिपून घ्यायचं, असा प्लॅन.

खुंट्या चिखलात आहेत हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पहिली मोट बदाबदा ओतली गेली. थेंब कसला मोजता! आख्खी राहुटी नानांसकट उठली आणि पाटातून केळीच्या बागेत गेली. आम्ही धावलो. चौथ्या ओळीत एका खुंटाला अडकलेली सापडली. आत कापडात गुंडाळलेले नाना, वही अजून हातात.

भास्करभाऊंनी काळजीनं वाकून विचारलं, "गयली तं नाही ना?"

खरं सांगायचं तर गळली नव्हती. नानांच्या अंगावरचं सगळं पाणी दारातून आलं होतं.

घरी आल्यावर अक्कांनी एवढंच विचारलं की आता तंबू पास झाला का. नाना नाक शिंकरत म्हणाले, रंग पांढरा आहे, वाघाला लांबून दिसेल.

आता इतक्या वर्षांनी कबूल करतो. दोष तंबूत नव्हता. आम्हा तिघांनाच आमच्या भटकण्यात चौथं माणूस नको होतं. अक्कांना ते कळत होतं, आणि त्या दर थंडीला दशम्या बांधून देत होत्या.

* * *

राहिली वजनाची ट्रायल. राहुटी, बांबू, दोऱ्या असं सगळं पाठीवर घेऊन नानांनी शहराला एक फेरी मारायची. दमले तर तंबू नापास. मागे मी आणि भास्करभाऊ, साक्षीदार.

पण पाठीवरून लाल झालर लोंबत होती ना! पहिल्या चौकात पानवाल्यानं विचारलं, लग्न कुणाकडे? नानांनी पावलं उचलली. दुसऱ्या चौकात दोघांनी विचारलं. तिसऱ्या चौकात एका म्हातारीनं वाट अडवली, तेव्हा भास्करभाऊंनी वैतागून नानांकडे बोट केलं आणि सांगितलं, "यांचंच हाये."

आम्ही सावकाश घरी पोचलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. अक्का दारातच उभ्या.

"अहो, तुमचं लग्न ठरलंय म्हणे," त्या म्हणाल्या. "सवतीबरोबर का होईना, पण तोरणमाळला न्या."

नानांनी पाठीवरचं ओझं पायरीवर उतरवलं आणि तंबू पास केला. त्याच आठवड्यात आम्ही चौघं निघालो.

* * *

शहाद्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, मग पायी. धुळ्यात अक्का नानांसारखंच बोलायच्या, पण शहादा आलं तशी त्यांची माहेरची अहिराणी सुटली. गाडीवानाशी अशा गप्पा मारत होत्या की आम्हाला वाटलं या कुणी वेगळ्याच बाई.

चढणीला त्या आमच्या पुढे. एका वळणावर थांबून म्हणाल्या, माहेरच्या उंबऱ्यात बसून हा डोंगर रोज बघितला. वर काय आहे विचारलं की आबा म्हणायचे, मोठी झालीस की जा. मग लग्नच झालं.

आम्ही तिघं खाली बघत चालत राहिलो. मला तर भयंकर लाज वाटली.

वर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अक्का थेट कड्याकडे गेल्या. आम्ही राहुटी काढली आणि लगेच वाद! वारा उत्तरेचा, झोंबणारा, म्हणून भास्करभाऊंचं म्हणणं दार दक्षिणेला करा. नाना ऐकेनात. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे तोंड करून कोणी घर बांधतं का? त्यांनी हट्टानं दार उत्तरेला केलं, आठही खुंट्या दगडानं ठोकल्या, आणि वाऱ्यानं राहुटी फुगून थडथडायला लागली.

अक्का कड्यावरून परत आल्या. डोळे पुसलेले दिसत होते. त्यांनी राहुटीला एक चक्कर मारली, दाराशी थांबल्या आणि विचारलं, तोंड तिकडे का केलं?

नानांनी समजावून सांगितलं. यमाचं सगळं नीट सांगितलं.

अक्कांनी राहुटीच्या मागे, कड्याखालच्या सपाटीकडे हात केला.

"दक्षिणले मनं माहेर शे."

नानांनी दगड खाली ठेवला आणि पहिली खुंटी उपटली.