हिमानी मॅडमच्या आवाजात नत्थूजी

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका चार मजली अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन नत्थूजी बसतात, आणि आल्यागेल्याकडे असं बघतात की स्वतःच्या घरी परतणाऱ्यालाही वाटावं, आपण काही उचलून तर नाही ना आणलं. गॅसवाल्याचा सिलिंडर ते हलवून पाहतात, कुरिअरवाल्याला हेल्मेट काढायला लावतात. इंदुताई म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी. त्या एकदा पार्लरमधून केस बारीक कापून आल्या, तर नत्थूजींनी त्यांनाच अडवलं.

"कोणाकडे जायचं आहे, बाई?"

"माह्याच घरी जाऊन राहिली नं जी मी."

"असं तर सगळेच म्हणतात," नत्थूजी म्हणाले. आवाज ओळखीचा निघाला म्हणून बाजूला झाले, पण जिना चढेपर्यंत नजर पाठीवरच.

या गेटवर येण्याआधी नत्थूजींनी बावीस वर्षं बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत काढली. चौदा वर्षांपूर्वी गिरणीने बारा कामगारांना दोन दिवस प्रथमोपचार शिकायला बसवलं. शिकवायला पुण्याहून हिमानी मॅडम आल्या. वय पंचविसाच्या आत, अंगात स्वेटर, गळ्याभोवती दुपट्टा, आणि पहिलाच धडा उष्माघाताचा. नत्थूजी शेजारच्याच्या कानाशी लागले, "डिसेंबरात आली, सेटर घालून आली, अन् नागपूरच्या माणसाले ऊन शिकवून राहिली. ही बाई विम्याची एजंट आहे, लिहून घे."

विमा कोणी विकला नाही. बाराही जणांना सर्टिफिकेट मिळालं. पुढे महिनाभर कॅन्टीनमध्ये नत्थूजींनी मॅडमची नक्कल केली. दुपट्ट्यासारखा गमछा घ्यायचा, हनुवटी उचलायची, आवाज बारीक करायचा, आणि तोंडातून शुद्ध पुणं काढायचं. पोरांच्या नाकातून चहा यायचा. टाळ्या पडल्या की नत्थूजी पदरचं एखादं वाक्य जोडायचे, त्यावर आणखी टाळ्या. त्या दोन दिवसांत लिहिलेली वही पुढे रद्दीत गेली. गिरणीही बंद पडली.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे पावणेदोन. डांबराला चप्पल चिकटत होती. खाप्याहून आलेला रविंद्र सकाळी दहापासून गच्चीवर कूलरच्या जाळ्यांतली खस बदलत होता. तो जिना उतरून पार्किंगमध्ये आला, पण पाय एकीकडे अन् माणूस दुसरीकडे. नत्थूजींसमोर थांबून म्हणाला, "माय, जेवाले वाढ." आणि भिंतीला घसरत खाली बसला. मग आडवाच झाला.

नत्थूजी खुर्चीवरून उठले. पण रविंद्रकडे नाही गेले, आधी गेटची कडी लावली. दोनच महिन्यांपूर्वी मागच्या गल्लीत एकाने गेटवर फिट आल्याचं सोंग केलं होतं. वॉचमन पाणी आणायला पळाला आणि सोंगाड्याच्या जोडीदाराने आतली स्कूटर पळवली. म्हणून नत्थूजींनी आधी जोडीदार शोधला. गाड्यांच्या मागे पाहिलं, जिन्याखाली वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. मग लांबूनच काठीने रविंद्रच्या चपलेला टोचलं.

"ओ भाऊ. नाटक पुरे. उठा."

चप्पल हलली, पाय नाही हलला.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे श्रीधरभाऊ खाली आले. कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले, त्यामुळे कुठल्याही प्रकरणाचा निकाल त्यांच्याजवळ तयारच असतो. "काही नाही, टाकून आहे," ते म्हणाले.

नत्थूजी दुसऱ्याच्या शब्दावर जाणारे नव्हेत. त्यांनी वाकून वास घेतला. दारूचा मागमूस नव्हता. छाती वरखाली होत होती, पण भरभर. खांदे थोपटून दोनदा हाक मारली, ओ आली नाही. कपाळाला हात लावला तो चटका बसल्यासारखा मागे आला. आणि हात कोरडा.

इथे त्यांचा खरा संशय जागा झाला. पावणेचार तास गच्चीवर राबलेला माणूस, अन् घामाचा थेंब नाही? "श्रीधरभाऊ, हे काही बरोबर नाही दिसून राहिलं," ते म्हणाले. "याले ऊन लागली."

लागली तर लागली, पण पुढे काय करायचं? नत्थूजींनी डोक्यात हात घालून पाहिलं, तर तिथे सगळं रिकामं. छाती दाबायची ती तीसदा की पंधरादा, हेही आठवेना. ती वेळ आलीच तर कळावं म्हणून ते रविंद्रच्या छातीवर डोळा ठेवून राहिले.

श्रीधरभाऊंनी वरून कांदा मागवला, हुंगवायला. इंदुताई पन्ह्याचा तांब्या घेऊन आल्या. नागपुरात ऊन लागलेल्याला पन्हं पाजतात, यात कोणाचं दुमत नाही. त्यांनी रविंद्रची मान उचलली, जबडा सोडवला. "दोन घोट पोटात गेले की बसते पाहा उठून."

तांब्या ओठाला लागला आणि नत्थूजींची हनुवटी आपोआप वर गेली.

"बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. म्हणजे नाही. समजलं का, काका?"

बारीक, नाकातला, पुण्याचा आवाज. इंदुताईंनी मागे वळून पाहिलं, ही कोण बाई आली म्हणून.

"नत्थूजी," श्रीधरभाऊ हळूच म्हणाले, "तुमाले पण लागली काय?"

नत्थूजींना स्वतःचाच भरवसा वाटेना. हे मॅडमचं वाक्य, की टाळ्यांसाठी आपण जोडलेलं? त्यांनी कॅन्टीन आठवलं. या वाक्याला पोरं हसायची ती आवाजाला, वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. म्हणजे मॅडमचंच. हा हिशेब त्यांना पटला. स्वतःच्या आवाजात पुढचं येत नव्हतं, म्हणून लाज गुंडाळून ठेवून ते मॅडमच्याच आवाजात पुढे निघाले.

"कोणीतरी फोन करा म्हटलं की कोणीच करत नाही. बोट दाखवून सांगायचं. तुम्ही, काका. एकशे आठ." बोट श्रीधरभाऊंवर होतं. कलेक्टर कचेरीत चाळीस वर्षं दुसऱ्यांना कामाला लावलेल्या माणसाने गुपचूप फोन काढला.

रविंद्रला उचलून सावलीत कुशीवर घेतलं. शर्ट काढला. गाड्या धुवायचा पाइप अंगावर सोडला; आधी टाकीचं तापलेलं पाणी वाहू दिलं, मग. सोसायटीच्या ऑफिसातला कूलर ओढून त्याच्याकडे तोंड करून लावला. इंदुताईंनी फ्रीजमधला होता नव्हता तो बर्फ आणला, फडक्यांत बांधून दिला.

"मानेला, काखेत आणि..." नत्थूजी थांबले.

"आणि काय वं, मॅडम?" इंदुताई म्हणाल्या. त्यांनी तोवर आवाज मान्य केला होता.

आणि जांघेत. पण इथेच हिशेब फसत होता. कॅन्टीनमध्ये सर्वांत जास्त हशा याच शब्दाला. आवाजाला नव्हे, शब्दालाच. त्या न्यायाने हा आपलाच आगाऊपणा. बर्फाची पुरचुंडी हातात घेऊन नत्थूजी उभे, फडक्यातून पाणी गळतंय, रविंद्र काहीतरी कण्हतोय.

मग त्यांना तो पहिला दिवस दिसला. मॅडमने हा शब्द उच्चारला तेव्हा बाराही बाप्ये एकदम बुटांकडे पाहू लागले होते. मॅडम हसल्या नव्हत्या. फळ्यावरच्या चित्रात तिथे खूण करून पुढे गेल्या होत्या. हशा नंतरचा, खूण आधीची.

"जांघेत," नत्थूजी म्हणाले. इंदुताईंनी तोंड फिरवलं. श्रीधरभाऊंनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

अठरा मिनिटांनी अँब्युलन्स आली. डॉक्टरीण तरुण होती. तिने रविंद्रचे डोळे पाहिले, काखेत हात घातला. "बर्फ इथं कोणी ठेवला?"

"काहून?" नत्थूजी आपल्या आवाजात म्हणाले. "चुकलं काय?"

"राहू द्या तसाच," ती म्हणाली आणि गाडी गेली.

राहू द्या म्हणजे? बरोबर आहे म्हणून राहू द्या, की आता व्हायचं ते झालं म्हणून राहू द्या? नत्थूजी साडेपाचपर्यंत हेच उलटसुलट करत बसले. एक गॅसवाला तर न तपासताच आत गेला.

साडेपाचला इंदुताई सांगत आल्या, "शुद्धीवर आला जी तो. आत्ता दवाखान्यात फोन केला होता मी."

"त्यानं सांगितलं, का त्याच्याबद्दल कोणी सांगितलं?"

"नर्स बोलली."

"म्हणजे नर्सले शुद्ध आहे," नत्थूजी म्हणाले. "त्याचं काय?"

ड्यूटी सुटल्यावर ते सिटी बसने रामदासपेठेत उतरले आणि विचारत विचारत दवाखान्यात पोचले. खाटेवर रविंद्र उशीला टेकून बसला होता, हाताला सलाइन. नत्थूजी पायथ्याशी उभे राहिले. खांदे थोपटायची आता गरज दिसत नव्हती, पण खात्री करायला हवी.

"नाव काय तुमचं?"

रविंद्रने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काहून?"

"घरी कोण कोण असते?"

"तुमाले काय करायचं गा?" रविंद्र म्हणाला आणि उशीखालचा मोबाइल काढून दुसऱ्या बगलेत दाबला. "आधी हे सांगा, तुमाले पाठवलं कोणी?"

नत्थूजींनी स्टूल ओढलं आणि दिवसात पहिल्यांदा पाठ सैल सोडून बसले.

"बराबर आहे," ते म्हणाले. "कोणालेच सांगू नका."