श्रीधरदादाचा नकाशा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या गेटपाशी टँकरवाल्याशी भांडत होतो. टाकी भरल्याशिवाय त्याला पाइप काढू द्यायचा नाही, ही त्या सकाळी माझी पाळी होती. "भावजी, तुमचे दादा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "निघतोच, एवढा टँकर उतरला की." पुण्याच्या कडेला, वाघोलीत राहणाऱ्याला यात काही विचित्र वाटणार नाही. भर शहरात, नारायण पेठेत, रोज नळ येणाऱ्या घरात राहणाऱ्याला वाटेल. माझं आणि माझ्या आतेभावाचं, श्रीधरदादाचं, भांडण याच फरकावरून होतं, आणि तो गेला म्हणून ते मिटलेलं नाही.

त्याच्याबद्दल जे छापून आलं ते मी वाचलं. पाण्याचा अभ्यासक, हे खरं. साधा राहायचा, हेही खरं. पण 'निर्भीड' हा शब्द ज्याने लिहिला, त्याने दादाबरोबर एकदाही चहा घेतलेला नसावा. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. मला टक्केवारी त्याने शिकवली, आत्याच्या स्वयंपाकघरात, ताकात पाणी ओतत ओतत. "कशाचे टक्के, हे विचारल्याशिवाय टक्क्याला हात लावायचा नाही," असं तो बजावायचा. पुढे त्याने जे केलं, ते मला पचलं नाही, ते यामुळेच.

शहरात आणि लगतच्या भागांत कुणाला किती पाणी मिळतं, याचा अभ्यास करणाऱ्या एका समितीवर तो काही वर्षांपूर्वी होता. मोजणी त्याच्याच गटाने केली. कच्च्या अहवालात एक नकाशा होता; तो मी एकदाच, ओझरता पाहिला होता. माणशी पाणी जास्त तिथे गडद निळा, कमी तिथे फिका. पेठा गडद होत्या. आम्ही, शहराच्या कडेचे, जवळजवळ पांढरे. अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा नकाशा वगळलेला होता. समितीतल्या काहींना तो उगाच वाद वाढवणारा वाटला, आणि दादाने सही करून टाकली. त्याच सुमारास आमच्या भागातल्या सोसायट्या जलवाहिनीसाठी अर्ज करत होत्या. अर्जाला तो नकाशा जोडता आला असता, तर आमचं म्हणणं कुणाला उडवून लावता आलं नसतं. म्हणून मी सकाळीच नारायण पेठेत त्याच्याकडे गेलो. नळ आला होता, आणि दादा पिंपातलं कालचं पाणी मोरीत ओतत होता.

"हे काय करतोस?"

"शिळं झालं ते."

"धरणात चार महिने थांबलेलं ताजं, आणि तुझ्या पिंपात एक रात्र काढली की शिळं?"

"आईची सवय रे," तो हसला. "बस. पोहे खाणार?"

मी नकाशाचं विचारलं. तो म्हणाला, "आकडे आहेत की अहवालात. सरासरी दिलीय."

"सरासरीने माझी टाकी भरत नाही, दादा. कशाची सरासरी, हे विचारायला तूच शिकवलंस."

त्याने पिंप विसळलं, नळाखाली लावलं. मग म्हणाला, "समितीत राहिलं तर पुढच्या वेळी काही करता येतं. बाहेर उभं राहून ओरडणारे पुण्यात पुष्कळ आहेत. आणि वाघोलीला राहायला गेलास, तो काही मला विचारून गेला नाहीस."

पोहे न खाता मी जिना उतरलो.

पुढची वेळ आली, त्याच्या पुढचीही आली. शाश्वत विकास, मागणीचं व्यवस्थापन, समन्यायी वाटप... त्याचे सगळे अहवाल मी वाचले. भाषा सुधारत गेली, नकाशा कधी आला नाही. आत राहून काही होतच नाही, असं माझं म्हणणं नाही. झालं असेल तर ते दाखवता यायला हवं. मला सापडलं नाही. लग्नकार्यात भेटलो की तो विचारायचा, "काय म्हणतोय तुझा टँकर?" मी म्हणायचो, "सरासरी बरा आहे." आमचं बोलणं तेवढ्यावर आलं होतं.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला त्याच्या अभ्यासाच्या खोलीत बोलावलं, पुस्तकं कुणाला द्यायची ते ठरवायला. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. टेबलासमोरच्या भिंतीवर, खुर्चीत बसलं की नेमका डोळ्यांपुढे येईल असा, तो नकाशा टांगलेला होता. चौकटीत. मला आधी संतापच आला. लोकांपासून लपवायचा आणि स्वतः रोज बघायचा!

"वहिनी, याचा फोटो घेऊ? आमच्या अर्जाला जोडायचाय. तो अजून चालूच आहे."

"त्यांना चाललं नसतं."

"माहीत आहे मला."

त्यांनी चौकटीची काच पदराने पुसली. मग म्हणाल्या, "त्यांचं नाव घालणार असाल तर घ्या. नाव गाळून द्यायची नाही मी. वगळावगळी पुष्कळ झाली या घरात."

फोटो घेताना जवळून पाहिलं. वाघोली फिकी नव्हती, कोरी होती. खालच्या सूचीत कोऱ्या भागापुढे छापलं होतं : 'नळ नाही, मोजता आले नाही.' नकाशा आता त्याच्या नावासकट अर्जाला जोडला आहे. तो असता तर त्याला पुन्हा कुठल्या समितीवर घेतलं नसतं. आता तो प्रश्न उरला नाही.

चौकट अजून त्या खुर्चीसमोरच आहे. तिथे बसून, तिच्याकडे बघत त्याने पुढचे सगळे अहवाल लिहिले. ते त्याला कसं जमत होतं, हे मला त्याला विचारायचं होतं.