डंपलिंगच्या मागावर ओडेसा

माझी नणंद ओडेसा प्रुइट हिची उभी हयात लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसण्यात गेली. माझा नवरा हर्शेल आणि ती, दोघा भावंडांचा भागीत धंदा. दुपारी टँकरच्या सावलीत बसून ती अंड्याचं सँडविच खायची, आणि डबा पोचवायला गेलेल्या मला मळमळायचं.

"नेल, अगं माणसाच्या पोटातलंच आहे ना ते?" ती म्हणायची. "तुझ्या नि माझ्याच. त्यात किळस कसली?"

मग तो वाईट हिवाळा आला. आमच्या खाडीच्या तळाशी पूर्वी गवताची कुरणं होती, बोटीतून खाली पाहिलं की हिरवं दिसायचं. ती सगळी मेली. पाणी चहासारखं तपकिरी झालं आणि तळाला नुसता काळा गाळ उरला. गवतावर जगणाऱ्या मॅनाटी, म्हणजे समुद्रगायी, उपाशी मरायला लागल्या. घोड्याएवढी जनावरं, पण कातडी अशी लोंबलेली, की जणू कुणी दुसऱ्याचा कोट चढवलाय. आमच्याकडे सपाट तळाची मोठी बोट होती. मेलेली धुडं दोरानं ओढून मागच्या बेटावर न्यायचं काम आम्हाला मिळालं. वास कपड्यांतून जाईना. हर्शेल दोनदा ओकला. ओडेसाला काही झालं नाही.

झालं ते घरी परतताना. खाडीकाठच्या बंगल्यांपुढं माणसं छोट्या गाड्या ढकलत लॉनला खत घालत होती, आणि फवाऱ्यांचं पाणी रस्त्यावरून गटारात, गटारातून खाडीत चाललं होतं. त्या खतानंच खाडीत शेवाळ माजायचं आणि तळाच्या गवताचा उजेड तुटायचा. ओडेसानं गाडी थांबवली.

"बघ," ती म्हणाली. "तिकडं गवत मारतात आणि इकडं गवत वाढवतात."

तिच्या चेहऱ्यावर मी तसला भाव कधी पाहिला नव्हता. दुर्गंधीला जे जमलं नाही, ते त्या हिरव्यागार लॉननं केलं.

त्याच हिवाळ्यात तिनं हर्शेलला सांगितलं, टँकर तू सांभाळ. मॅनाटी वाचवणाऱ्या एका संस्थेत जाऊन ती म्हणाली, मेलेल्या ओढून झाल्या, आता जिवंत द्या. त्यांनी तिला काम दिलं. वाचवून, टाकीत पोसून परत सोडलेल्या मॅनाटींवर पाळत ठेवायची. जनावर खातंय का, वजन धरतंय का, कळपात जातंय का, हे पाहायचं. बोट चालवायला तिनं मला घेतलं. "तुला तोंड बंद ठेवता येतं," म्हणाली.

डंपलिंग तिच्याकडे दुसऱ्या वर्षी आली. मेलेल्या आईशेजारी सापडलेलं पिल्लू, बाटलीच्या दुधावर वाढलेलं. झऱ्याच्या कोमट पाण्यात तिला सोडलं तेव्हा शेपटीच्या मुळाशी पट्टा बांधला होता, पट्ट्याला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा पांढरा नळकांड्यासारखा यंत्राचा तुकडा. त्यातून ती कुठं आहे ते उपग्रहाला कळायचं, आणि जवळ गेलं की ओडेसाच्या हातातल्या अँटेनाला टिकटिक ऐकू यायची.

पहिला उन्हाळा झकास गेला. मी इंजिन बंद करायची, ओडेसा दुर्बिणीतून बघायची.

"कशी आहे गं?"

"फुगलीय. तुझ्यासारखी."

"घरी चल, दाखवते तुला फुगणं."

इतर दोन माद्यांच्या मागं मागं डंपलिंग उरल्यासुरल्या गवतावर जायला शिकली होती. ओडेसा जवळ जात नसे. माणसाच्या हातावर वाढलेल्या जनावरानं माणूस विसरावा, यासाठीच तर सगळी धडपड होती.

थंडी सुरू होता होता डंपलिंगचा ठावठिकाणा एकाच कालव्यात दिसायला लागला. आम्ही गेलो. डॉक्टर विन्स्लो यांच्या बंगल्यामागचा धक्का माणसांनी गच्च भरला होता. हे निवृत्त दंतवैद्य, गावात सगळ्यांचे लाडके. धक्क्यावरून बागेचा पाइप पाण्यात सोडलेला आणि खाली डंपलिंग उताणी होऊन गोडं पाणी पीत होती. एक बाई पोटावर पालथी पडून लेट्युसचं पान भरवत होती. पानाला सॅलडवरचा पांढरा सॉस होता. मग बाईनं त्या केसाळ नाकपुड्यांना गाल लावला, कुणीतरी फोटो काढला आणि सगळे "किती गोड!" करत विरघळले.

"ये ये ओडेसा!" डॉक्टर ओरडले. "बघ, तुझी पोरगी जेवतेय."

"पाणी बंद करा, डॉक्टर."

"अगं, तहानलीय ती."

"तहान लागली तर नदीकडे, झऱ्याच्या कोमट पाण्यात जाईल. तुमच्यापाशी राहिली तर थंडीत इथंच मरेल. हे बेकायदा आहे, तुम्हाला माहितीय."

"तू फार मनाला लावून घेतेस. किती सुखात आहे बघ. हसतेय!"

"तिचं तोंडच तसं आहे," ओडेसा म्हणाली.

धक्क्यावर हशा पिकला. ओडेसानं अधिकाऱ्याला बोलवायची धमकी दिली, तर डॉक्टर म्हणाले, "बोलव की. त्याच्या दाढेवर कॅप मीच बसवलीय."

अधिकारी आला, समज देऊन गेला. डॉक्टरांनी पाइप काढला आणि बादलीनं पाणी ओतायला लागले. ओडेसा रोज कालव्याच्या तोंडाशी जाऊन बसायची. घरी आली की हात घासघासून धुवायची. लेट्युस दिसलं की ताट सरकवायची.

नाताळानंतर थंडीची लाट आली, आणि डंपलिंगचा ठिपका नकाशावर एका जागी गोठला. हललाच नाही. आणि तो पाण्यात नव्हता, जमिनीवर होता. आम्ही जीव मुठीत धरून निघालो.

टिकटिक विन्स्लोंच्या धक्क्यापाशी आली. वर, त्यांच्या मागच्या अंगणातल्या बारवर, दारूच्या बाटल्यांच्या मागं, रंगीत दिव्यांच्या माळेत ते पांढरं यंत्र टांगलेलं होतं. त्याला लाल रिबीन बांधली होती.

डॉक्टर ड्रेसिंग गाऊन घालून बाहेर आले, हातात कॉफी.

"हे इथं कसं?" ओडेसानं विचारलं.

"मीच कापलं. किती अडचण व्हायची बिचारीला! पार्टीच्या दिवशी कात्री लावली आणि सोडवली. अगं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"आणि ती कुठं आहे?"

"असेल की इथंच. दोन दिवस दिसली नाही खरी." त्यांनी कप पुढं केला. "कॉफी घेतेस?"

ओडेसा धक्क्याच्या कडेला गेली, वाकली आणि भडाभडा ओकली. टाक्या उपसताना नाही, कुजलेली धुडं ओढताना नाही, ती तिथं ओकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला.

"बोट सोड, नेल."

यंत्राशिवाय शोधायचं म्हणजे एकेक कालवा धुंडाळायचा. हाताची बोटं गारठून आखडली. तिसऱ्या दिवशी सापडली ती एका बंद कालव्याच्या टोकाला, जिथं वारा सगळ्या गावाचा कचरा आणून टाकतो. फेस, फोमचे कप, मेलेले मासे, वर तेलाचा तवंग. त्यात डंपलिंग कलंडून पडली होती. थंडीनं मुसकट आणि वल्ह्यासारखे पुढचे पाय पांढरे पडले होते, पाठीवर फोड. श्वास घ्यायला नाक वर आणायचीही ताकद उरली नव्हती.

फोनवर संस्थेच्या पशुवैद्य बाई म्हणाल्या, गाडी निघालीय, तोवर नाक पाण्यावर राहू दे, कसंही करा. ओडेसानं बूट काढले आणि त्या घाणीत छातीपर्यंत उतरली. डंपलिंगचं डोकं तिनं खांद्यावर घेतलं. थोड्या वेळानं ते जनावर हललं. ओठ वळवळले आणि ओडेसाच्या मुठीशी चाचपायला लागले. खायला शोधत होती ती.

"नको गं," ओडेसा म्हणाली आणि मूठ पाण्याखाली लपवली. "नको मागूस. कुणाकडं काही मागू नकोस."

जाळं आलं, माणसं आली, झोळीत घालून तिला नेलं. टाकीत महिनोन्महिने उपचार झाले. पहिल्याच आठवड्यात तिच्या विष्ठेतून सँडविचला टोचायची एक काडी निघाली, टोकाला चमचमत्या कागदाच्या झालरीसकट. ओडेसाला दाखवली तेव्हा ती उठून बाहेर गेली.

डॉक्टरांना या वेळी दंड झाला. वसंतात चर्चच्या पॅनकेक-न्याहारीला ते सगळ्यांना सांगत होते, "प्रेम केल्याबद्दल दंड झालेला मी पहिलाच!" लोक हसले. आमचा हर्शेलसुद्धा ओठातल्या ओठात हसला, आणि मी टेबलाखालून त्याला लाथ घातली.

पाद्रीबाई ओडेसाच्या शेजारी येऊन बसल्या. "त्यांनी चांगल्या मनानंच केलं ना गं?"

"त्या चांगल्या मनाचं काय करू मी?" ओडेसा म्हणाली. "टँकर लावून उपसू?"

पाद्रीबाईंनी तिच्याशी बोलणं सोडलं. गावातल्या बऱ्याच जणांनी सोडलं. ओडेसाला त्याचं काही वाटलं असेल तर तिनं आम्हाला दाखवलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात डंपलिंगला दुसऱ्यांदा सोडलं, पण आमच्या खाडीत नाही. वर उत्तरेला, बंगले नसलेल्या एका झऱ्यावर. आम्ही गेलो तर गर्दीत पहिल्या रांगेत डॉक्टर विन्स्लो! अंगात डंपलिंगचा फोटो छापलेला टीशर्ट, शेजारी ती गाल लावणारी बाई. त्यांनी ओडेसाकडे हात पुढं केला.

"झालं गेलं विसरू या. शेवटी आपलं दोघांचंही तिच्यावर प्रेम आहे."

ओडेसानं त्या हाताकडे पाहिलं, ताटात झुरळ निघाल्यासारखं. मग ती डॉक्टर आणि झोळी यांच्या मध्ये, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. ते उजवीकडून डोकावले की ती उजवीकडे सरकायची, डावीकडून डोकावले की डावीकडे. चांगली रुंद बाई आहे आमची ओडेसा. डंपलिंग पाण्यात उतरली, नवं यंत्र मागं तरंगत गेलं, टाळ्या झाल्या, आणि डॉक्टरांना काही म्हणजे काही दिसलं नाही.

तिकडची पाळत अँसेल नावाच्या माणसाकडे आहे. गेल्या महिन्यात आम्ही जेवायला बसलो असताना त्याचा फोन आला. डंपलिंग कळपात आहे, वजन धरलंय. एक होडीवाला जवळ जाऊन पाण्यावर हात आपटत तिला बोलवत होता, तर ती बुडी मारून लांब निघून गेली. हर्शेलनं टेबलावर आनंदानं थाप मारली. माझे डोळे भरून आले.

ओडेसा फोनमध्ये म्हणाली, "ते राहू दे. त्या होडीवाल्याचं नाव लिहून घेतलंस का?"